एकच तालुका, दोन खासदार

मुंबईहून निघालेली कर्जतची गाडी कल्याण ओलांडून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी स्थानके मागे टाकीत बदलापुरास पोहोचते, आणि या वाटेवर कोठेही सरहद्द ओलांडल्याची जाणीव प्रवाशाला होत नाही. अंबरनाथ आणि बदलापूर ही दोन्ही शहरे एका जिल्ह्यातली, एका तालुक्यातली, एकाच लोहमार्गाच्या काठाने वाढलेली. एका शहरातली मुलगी दुसऱ्या शहरात सासरी जाते, आणि एका शहरातला कामगार दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात पाळी करतो. तरीही २० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले तेव्हा अंबरनाथकरांच्या मतदानयंत्रावर उमेदवारांची एक यादी होती आणि बदलापूरकरांच्या यंत्रावर अगदी निराळी. अंबरनाथचे मत कल्याण मतदारसंघात मोजले गेले, बदलापूरचे भिवंडीत.

‘आपला तालुका एक, तहसील कचेरी एक, मग आपले खासदार दोन कसे?’ हा प्रश्न या भागात दर निवडणुकीच्या सुमारास कोणी ना कोणी विचारतोच. प्रश्न साधा आहे; पण त्याचे उत्तर शोधू लागलो की मतदारसंघाच्या हद्दीपासून मंत्रिमंडळाच्या शपथविधीपर्यंत निवडणुकीची सारी रचना पायरीपायरीने उलगडत जाते. म्हणून त्याच प्रश्नापासून आरंभ करू.

१. महसुलाची हद्द आणि मताची हद्द

जिल्हा आणि तालुका ही विभागणी मुळात महसुलाच्या सोयीची आहे. कोणत्या जमिनीचा सातबारा कोणत्या दप्तरात राहावा, हे तिच्यावरून ठरते. नगरपरिषदेची हद्द पाणी, गटारे आणि दिवाबत्ती यांच्या सोयीने आखलेली असते. मतदारसंघाची हद्द मात्र मुख्यतः एका तत्त्वावर उभी असते, आणि ते तत्त्व असे की, एका प्रतिनिधीच्या मागे जितकी माणसे, साधारणतः तितकीच दुसऱ्याच्याही मागे असावीत, म्हणजे कोणाचे मत दुसऱ्याच्या मताहून हलके वा भारी ठरणार नाही. एकाच घराला शिधा एका दुकानातून मिळतो, टपाल भलत्याच कचेरीतून येते आणि फिर्याद तिसऱ्याच ठाण्यात नोंदवावी लागते, यात आपणांस विसंगती वाटत नाही. खासदाराच्या हद्दीचेही तसेच आहे.

ही आखणी मंत्रिमंडळ करीत नाही आणि जिल्हाधिकारीही करीत नाही. संसदेच्या कायद्याने नेमलेला परिसीमन आयोग ती करतो. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार वेळा हे आयोग देशासाठी नेमले गेले. चौथ्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते, आणि २००१ च्या शिरगणतीचे आकडे समोर ठेवून त्यांच्या आयोगाने आखलेल्या, २००८ मध्ये अमलात आलेल्या हद्दींतच आपण आजही मत देत आहोत.

आता थोडा हिशेब करू. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरीने ३ लाख ३६ हजार माणसे येतात. लोकसभेच्या जागा ४८. म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला सुमारे २० लाख. त्या वेळी उल्हासनगर शहराची वस्ती पावणेपाच लाखांच्या घरात होती, म्हणजे एका आमदारासाठी फार मोठी. अंबरनाथची दोन लाखांच्या आसपास, म्हणजे एका आमदारासाठी अपुरी. म्हणून उल्हासनगरचा काही भाग अंबरनाथ मतदारसंघाला जोडला गेला. पलीकडे मुरबाड तालुक्याची डोंगराळ, विरळ वस्तीही एकटी पुरी पडत नव्हती. तिच्या जोडीला सुमारे एक लाख वस्तीचे बदलापूर गेले. अशा रीतीने एका तालुक्यातली दोन शेजारी शहरे दोन आमदारांकडे वाटली गेली.

आमदार वेगळे झाले म्हणून खासदारही वेगळे का व्हावेत? २८८ ला ४८ ने भागले तर बरोबर ६ येतात, आणि महाराष्ट्रात लोकसभेचा प्रत्येक मतदारसंघ विधानसभेच्या सहा अखंड मतदारसंघांचा मिळून बनलेला आहे. सहा खोल्यांचे एक घर अशी कल्पना करा. भिंत हलवायची तर सबंध खोली या घरातून त्या घरात जाते, अर्धी खोली जात नाही. ठाणे जिल्ह्यात अशा १८ खोल्या आहेत आणि त्यांची तीन घरे झाली आहेत. कल्याणच्या घरात अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा. भिवंडीच्या घरात भिवंडी ग्रामीण, भिवंडी पूर्व, भिवंडी पश्चिम, शहापूर, कल्याण पश्चिम आणि मुरबाड. उरलेल्या सहा खोल्या ठाण्याच्या घरात. मुरबाडची खोली भिवंडीच्या घरात गेली आणि तिच्याबरोबर बदलापूरही गेले. खुद्द कल्याण शहराचा पश्चिम भाग कल्याणच्या खासदाराकडे नसून भिवंडीच्या खासदाराकडे आहे, हे कळले म्हणजे बदलापूरकरांचे नवल थोडे कमी व्हावे.

या हद्दी शाश्वत नाहीत. बदलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १ लाख ७४ हजारांवर गेली होती. प्रत्येक राज्याला लोकसभेत किती जागा मिळाव्यात, हा वाटा मात्र १९७१ च्या जनगणनेवर गोठविला आहे, कारण ज्या राज्यांनी लोकसंख्येला आळा घातला त्यांचे बळ त्यामुळे घटू नये, असा त्यामागचा विचार होता. ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे.

२. राखीव म्हणजे काय?

अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ २००८ च्या आखणीत अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्यापूर्वी तो सर्वसाधारण होता; म्हणूनच २००४ मध्ये अंबरनाथमधून निवडून आलेले किसन कथोरे २००९ पासून मुरबाडमधून निवडून येत आहेत. राखीव मतदारसंघ म्हटला की अनेकांचा असा समज होतो की, तेथे मतदानाचा अधिकारच एका समाजापुरता असतो. हा समज चुकीचा आहे. राखीव असते ती उमेदवारी; मतदान सर्वांचे असते. अंबरनाथमध्ये कोणत्याही जातीधर्माचा मतदार मत देतो, मात्र अर्ज भरणाऱ्याकडे अनुसूचित जातीचा दाखला असावा लागतो.

या पद्धतीचे मूळ आपल्याच प्रांतातल्या एका करारात आहे. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने दलित वर्गांना विभक्त मतदारसंघ देऊ केले, गांधीजींनी त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, आणि २४ सप्टेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सहीने पुणे करार झाला. संयुक्त मतदारसंघ आणि त्यात राखीव जागा ही आजची व्यवस्था त्या करारातूनच पुढे आली. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत काही ठिकाणी एका मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन प्रतिनिधी निवडीत. १९५२ मध्ये मुंबईतील अशाच एका मतदारसंघातील राखीव जागेवर खुद्द डॉ. आंबेडकरांचा नारायण काजरोळकरांकडून पराभव झाला. १९६१ मध्ये कायदा करून हे जोड मतदारसंघ बंद करण्यात आले.

आज महाराष्ट्राच्या विधानसभेत २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेच्या ४८ जागांपैकी अनुक्रमे ५ आणि ४.

३. मताचे पहिले घर: मतदारयादी

हद्द कळली, आता त्या हद्दीत माणूस मतदार कसा होतो ते पाहू. पंगतीला बसायचे तर यजमानाच्या यादीत नाव असावे लागते, ओळख पुरत नाही. मतदानाचेही तसेच आहे. हातात मतदार ओळखपत्र आहे, पण यादीत नाव नाही, अशा माणसाला मत देता येत नाही. उलट यादीत नाव आहे आणि ओळखपत्र हरवले आहे, तर निवडणूक आयोगाने मान्य केलेला दुसरा एखादा पुरावा दाखवून मत देता येते. कार्ड ही केवळ ओळख आहे. अधिकाराची नोंद यादीत आहे.

या यादीचा इतिहास थोर आहे. इंग्रजी अमदानीत मताधिकार मालमत्तेवर, शिक्षणावर आणि करभरणीवर अवलंबून होता. स्वतंत्र भारताने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला तो एकदम दिला, आणि पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झालेल्या १९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नावे यादीत होती. त्याच काळात सिंधमधून निर्वासित झालेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली होती, आणि त्या छावणीचेच १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. ज्याचे घरच सरहद्दीपलीकडे राहिले, तो वास्तव्याचा पुरावा कोठून आणणार? म्हणून निर्वासिताने अमुक ठिकाणी कायमचे राहण्याचा इरादा जाहीर केला, तर तेथे किती दिवस झाले हे न पाहता त्याचे नाव नोंदवावे, असा उदार निर्णय याद्यांच्या पूर्वतयारीत घेण्यात आला. त्याच वेळी कठोरपणाही दिसला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच ओळख सांगून स्वतःचे नाव सांगायला संकोचलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांना त्या यादीबाहेर राहावे लागले, कारण सेन यांचा आग्रह असा होता की, मतदार ही कोणाची तरी नातलग म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती असली पाहिजे. पुढच्या निवडणुकांत स्त्रियांनी आपली नावे नोंदविली.

मतदाराचे वय आरंभी २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १९८९ पासून १८ झाले. पूर्वी १ जानेवारी या एकाच तारखेला अठरा वर्षे पूर्ण असावी लागत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. नवे नाव नोंदविण्यासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी वा हरकतीसाठी नमुना ७, आणि दुरुस्तीसाठी किंवा घर बदलल्यास नमुना ८. तुमच्या वस्तीतले हे काम मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘बीएलओ’, पाहतो.

अंबरनाथ आणि बदलापूर ही सतत भरत जाणारी शहरे. डोंबिवलीतून, मुंबईतून, सोलापुरातून, बिहारमधून माणूस येथे येतो. संसार हलतो, पण नाव मात्र जुन्या गावाच्या यादीतच राहते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कल्याण मतदारसंघात मतदान सुमारे निम्म्यावरच थांबले. त्याला अनेक कारणे असतील; पण माणूस एका गावी आणि त्याचे नाव दुसऱ्या गावी, हे त्यांतले एक कारण निःसंशय आहे.

४. आयोग आणि त्याचे वेळापत्रक

घटनेच्या ३२४ व्या कलमान्वये लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींच्या निवडणुका भारतीय निवडणूक आयोगच घेतो. २५ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी, त्याची स्थापना झाली. आयोगाचे स्वतःचे मनुष्यबळ थोडे. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी हा जिल्हा निवडणूक अधिकारी होतो, प्रत्येक मतदारसंघासाठी एक निवडणूक निर्णय अधिकारी नेमला जातो, आणि शिक्षक, तलाठी, पालिकेचे कर्मचारी मतदान केंद्रांची जबाबदारी घेतात. तेवढ्या काळापुरते ते आयोगाच्या हुकमतीखाली असतात. नगरपरिषद, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. ती निराळी संस्था आहे, जरी तिच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात.

वेळापत्रक कसे चालते, ते २०२४ च्या विधानसभा निवडणुकीवरून पाहू. १५ ऑक्टोबरला घोषणा झाली आणि त्या क्षणापासून आचारसंहिता लागू झाली. म्हणजे सत्तेवरील पक्षाने सरकारी खजिन्याच्या बळावर नव्या घोषणा करून मतदाराला भुलवू नये, हे बंधन आले. २२ ऑक्टोबरला अधिसूचना निघाली. अर्जांची मुदत २९ पर्यंत होती, छाननी ३० ला झाली, आणि माघारीचा दिवस मध्ये दिवाळीच्या सुट्या आल्यामुळे ४ नोव्हेंबर ठरला. २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला मोजणी झाली. माघार आणि मतदान यांच्यात किमान चौदा दिवसांचे अंतर कायद्याने राखावे लागते. प्रचाराचा काळ तो हाच, आणि मतदान संपण्याच्या वेळेपूर्वी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो.

उमेदवाराचे वय किमान २५ असावे लागते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अनामत रक्कम विधानसभेसाठी १० हजार आणि लोकसभेसाठी २५ हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तिच्या निम्मी. उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. समजा, १ लाख २० हजार वैध मते पडली. तर अनामत वाचविण्यासाठी २० हजारांहून किमान एक मत जास्त हवे. खर्चालाही मर्यादा आहे. २०२२ पासून आपल्या राज्यात ती विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे.

५. केंद्राच्या आत

मतदानाच्या दिवशी पहाटे, मतदार येण्यापूर्वी, केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकून यंत्राची चाचणी घेतो, निकाल जुळवून दाखवितो, ती मते पुसतो आणि मग यंत्रावर शिक्कामोर्तब करतो. त्यानंतर रांग आत येऊ लागते.

पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो. ते मोठ्याने वाचण्याला अर्थ आहे. प्रतिनिधींना मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असेल तर त्यांनी तेथेच हरकत घ्यावी. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो आणि नोंदवहीत सही घेतो. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राची कळ दाबतो, तेव्हाच आडोशामागचे यंत्र एका मतापुरते मोकळे होते. आपण कळ दाबतो, लांब शिट्टी वाजते, आणि शेजारच्या काचेआड आपल्या उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून आपोआप बंद पेटीत पडते.

या चिठ्ठीच्या यंत्राला व्हीव्हीपॅट म्हणतात, आणि त्याचे प्रयोजन घरगुती व्यवहारातून सहज समजते. दूधवाला रोजचे दूध आपल्या वहीत मांडतो आणि गृहिणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करते. महिनाअखेर दोन्ही जुळले की कोणाच्याही मनात किंतु राहत नाही. मतदानयंत्र ही दूधवाल्याची वही आणि चिठ्ठ्यांची पेटी ही भिंतीवरची दिनदर्शिका. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रे आली. २०१९ पासून प्रत्येक यंत्राला ही चिठ्ठीची जोड मिळाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहिल्या जातात. ही केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात, त्यामुळे कोणत्या केंद्राची पाळी येणार हे कोणालाच आधी ठाऊक नसते.

दोन हक्क मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावेत. तुमच्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेला असेल तर निराश होऊन परतू नये. केंद्राध्यक्षाकडे ‘टेंडर व्होट’ मागावे. ते कागदावर घेऊन स्वतंत्र पाकिटात मोहोरबंद ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते येत नाही, पण वाद न्यायालयात गेला तर त्याचा विचार होऊ शकतो. दुसरा हक्क रांगेचा. मुदत संपली त्या क्षणी जो रांगेत उभा आहे, त्याचे मत घेतलेच पाहिजे. त्यासाठी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे अशा क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागाहून कोणी शिरू शकत नाही.

दिवस संपला की केंद्राध्यक्ष किती मते पडली याचा हिशेब नमुना १७-सी मध्ये लिहितो आणि त्याची नक्कल प्रतिनिधींना देतो. गोदामात माल उतरताना पोत्यांची संख्या लिहून दोघांनी सही करावी, तसा हा कागद आहे. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्याच्याशी पडताळून पाहतात.

६. ज्याची मते अधिक, तो निवडून आला

मोजणी टपाली मतांपासून सुरू होते आणि मग यंत्रे फेरीफेरीने टेबलांवर येतात. लोकसभेचीही मोजणी आधी विधानसभानिहाय होते. अंबरनाथचा आकडा स्वतंत्र निघतो, उल्हासनगरचा स्वतंत्र, आणि सहांची बेरीज झाली की कल्याणचा निकाल लागतो.

जिंकण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत. इतर प्रत्येकाहून अधिक असली की पुरते. शंभर बिऱ्हाडांच्या एका वसाहतीने सहलीचे ठिकाण मतांनी ठरविले असे समजा: ४० जण माथेरान म्हणाले, ३५ अलिबाग, २५ टिटवाळा. सहल माथेरानलाच जाईल, जरी साठ जणांची पसंती अन्यत्र होती. या पद्धतीत निकाल लवकर व निर्विवाद लागतो, आणि एका भागाला एक निश्चित प्रतिनिधी मिळतो. विखुरलेल्या मतांना सभागृहात आपल्या प्रमाणात जागा मिळत नाहीत, ही तिची उणीव होय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर आला. पण त्याला सर्वांत अधिक मते मिळाली तरी निवडणूक रद्द होत नाही, उमेदवारांत जो पुढे असेल तोच विजयी ठरतो.

‘माझ्या एका मताने काय होते?’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यास आकडेच समर्थ आहेत. राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये ६२,२१५ मते मिळविणारे सी. पी. जोशी ६२,२१६ मते मिळविणाऱ्या कल्याणसिंह चौहानांपुढे एका मताने हरले. जून २०२४ मध्ये मुंबई वायव्य या लाखो मतदारांच्या लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालेगाव मध्य विधानसभेचा १६२ मतांनी. उल्हासनगरमध्ये २०१४ आणि २०१९ या लागोपाठच्या निवडणुकांत जागा एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेली, आणि दोन्ही वेळचे मताधिक्य दोन हजारांच्या आसपास होते. म्हणजे दोन-तीन मोठ्या वसाहती घरी बसून राहिल्या तर फिरू शकेल इतके.

७. सभागृहापासून सरकारपर्यंत

मतदाराने निवडलेला असतो एक सदस्य, सरकार नव्हे. अंबरनाथचा मतदार मुख्यमंत्र्याला थेट मत देत नाही आणि पंतप्रधानालाही देत नाही. त्याने पाठविलेला आमदार २८८ जणांच्या सभागृहात बसतो आणि खासदार ५४३ जणांच्या. विधानसभेत १४५ आणि लोकसभेत २७२ सदस्यांचा पाठिंबा ज्याच्या मागे, त्याचे मंत्रिमंडळ. राज्यपाल मुख्यमंत्र्याला आणि राष्ट्रपती पंतप्रधानाला नेमतात, पण ती नेमणूक सभागृहाच्या विश्वासावर टिकते.

निवडणूक आणि सरकार या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे महाराष्ट्राने २०१९ मध्ये प्रत्यक्ष पाहिले. २४ ऑक्टोबरला निकाल लागले, तरी कोणालाच बहुमत जुळविता येईना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, २३ ला एका मंत्रिमंडळाने पहाटे शपथ घेतली, तीन दिवसांत ते पायउतार झाले, आणि २८ ला दुसऱ्या आघाडीचा शपथविधी झाला. या सबंध काळात मतदारांनी दिलेले एकही मत बदलले नव्हते. बदलत होत्या त्या सभागृहातल्या जुळण्या.

आमदार आणि खासदार यांच्या कामांतही भेद आहे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य आणि नगरपालिकांचे कायदे हे राज्याचे विषय. रेल्वे, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राचे. शिक्षण दोघांचे सामायिक. म्हणून लोकलच्या गाड्या वाढविण्याचे गाऱ्हाणे खासदाराकडे न्यावे, पोलीस ठाण्यातल्या अपुऱ्या मनुष्यबळाचे आमदाराकडे, आणि तुंबलेल्या गटाराचे नगरसेवकाकडे. योग्य दाराशी गेलेले गाऱ्हाणे निम्मे सुटलेले असते.

आमच्या मतदारसंघाच्या हद्दीपासून राज्याच्या मंत्रिमंडळापर्यंत ही साखळी अशी एकेका कडीने जोडलेली आहे. यादी बीएलओच्या हाती, यंत्र केंद्राध्यक्षाच्या हाती, हिशेबाचा कागद प्रतिनिधीच्या हाती. प्रत्येक हातबदलावर कोणाची तरी सही आहे आणि कोणाची तरी नजर आहे. या साखळीची पहिली कडी मात्र कोणत्याही अधिकाऱ्याच्या हाती नाही, ती नागरिकाच्या हाती आहे. मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्रावर जाऊन ‘माझे नाव का नाही?’ असे विचारणे व्यर्थ होय, कारण त्या वर्षीची यादी तेव्हा पुरी झालेली असते. म्हणून वाचकाला एवढीच विनंती आहे की, हे प्रकरण मिटण्यापूर्वी आपले, आपल्या घरच्या वृद्धांचे आणि नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींचे नाव यादीत आहे की नाही, ते पाहावे. घर बदलले असेल तर नमुना ८ आणि नावच नसेल तर नमुना ६ याच आठवड्यात भरावा.